दिवसा साडीचा तुकडा, रात्री डायपर

पत्र: "माझा मुलगा चार महिन्यांचा आहे, वजन साडेसहा किलो. आम्ही नवी मुंबईत घणसोलीला वन बीएचकेत राहतो. दिवसाला आठ डायपर लागतात, पँट प्रकारचे, एम साइज. एक साधारण 11 रुपयांना पडतो. वाइप्सचे महिन्याला 300 वेगळे. खर्च कमी करायला तीन कापडी डायपर ऑनलाइन मागवले, बांबूच्या इन्सर्टचे, म्हणजे आत घालायच्या शोषणाऱ्या पट्टीचे. पहिल्याच दिवशी मांडीतून गळले, आठवड्याभरात वास मारायला लागले, आता कपाटात पडून आहेत. बाल्कनीत ऊन जेमतेम तासभर येतं आणि पावसाळा तोंडावर आलाय. दोन महिन्यांनी माझी रजा संपेल, मग बाळ पाळणाघरात जाईल. तिथे विकतचाच डायपर लागतो. सासूबाई म्हणतात, लंगोट लाव, आमची मुलं त्यातच वाढली. पैसे वाचवायचेत, पण दिवसभर धुणं धूत बसायला जमणार नाही. काय करावं?"

उत्तर:

ताई, सगळं एकदम बदलायचं नाही, एवढं ठरवलंत तर पैसे वाचतील आणि धुणंही आवाक्यात राहील. आधी हिशेब बघा. आठ डायपर, 11 रुपयांप्रमाणे रोजचे 88, महिन्याचे 2,640 रुपये. त्यातला रात्रीचा एक आणि बाहेर जातानाचा एक असे दोन तसेच राहू द्या. त्यांचे महिन्याला 660 होतात. उरलेल्या सहा वेळा कापड. पावडर, वीज आणि पाणी यांचे सढळ हाताने महिन्याला 300 धरले, तरी 1,680 रुपये हातात राहतात. रात्रीचा डायपरही बंद केलात तर आणखी 330 वाचतील, पण आम्ही तसं करायला सांगणार नाही. विकतच्या डायपरमध्ये सोडियम पॉलिअॅक्रिलेट नावाची पूड असते. शू शोषली की तिचं जेल होतं आणि अंगाचा दाब पडला तरी ते पाणी सोडत नाही. कापडाला हे जमत नाही. रात्रभर कापड ठेवायचं तर दोन-तीनदा उठून बदलावं लागेल. बाळ झोपेल आणि तुम्हीही झोपाल, यासाठी गेलेले 11 रुपये वाया गेले असं समजू नका.

कापडाकडे वळण्याआधी आहे त्याच डायपरमध्ये थोडे पैसे सुटतात, ते सोडवून घ्या. बहुतेक पाकिटांवर एस साइज 4 ते 8 किलो आणि एम 7 ते 12 किलो असं छापलेलं असतं. तुमचं बाळ साडेसहा किलोचं आहे, म्हणजे अजून एसमध्ये बसतं. साइज वाढली की त्याच किमतीच्या पाकिटात नग कमी होतात. शिवाय मोठा डायपर मांडीला सैल राहून गळतो तो वेगळाच. मांडीवर किंवा कमरेवर लाल वळ उठायला लागले की साइज बदला, तोवर नको. पाकीट कुठूनही घ्या, डी-मार्टमधून किंवा ऑनलाइन, पण सवलतीचा आकडा न बघता एकूण किमतीला नगांनी भागून बघा. बाळ अजून पालथं पडून पळापळ करत नसेल तर पँटऐवजी चिकटपट्टीचे घ्या, ते बहुधा स्वस्त पडतात. आणि मधली रेघ रंग बदलली म्हणून लगेच काढू नका. ती पहिल्या शूलाच बदलते. शी झाली तर ताबडतोब, नुसती शू असेल तर तीन तासांनी बदललं तरी चालतं. दिवसाला आठ डायपर लागण्यामागे बऱ्याचदा ही रेघच असते.

वाइप्स घरात लागतच नाहीत. जुन्या सुती टी-शर्टचे वीतभर लांबी-रुंदीचे पंधरा तुकडे करा, वाटीत कोमट पाणी घ्या, पुसा आणि तुकडे लंगोटांबरोबर धुवायला टाका. वाइप्सचं पाकीट फक्त बाहेरच्या पिशवीत राहू द्या.

आता कपाटातले ते तीन डायपर. ते खराब निघालेले नाहीत, त्यांची पूर्वतयारी राहून गेली. बांबू, सुती किंवा हेम्पचं (भांगेच्या जातीच्या झाडाचं) नवं कापड नीट शोषत नाही, कारण सुती आणि हेम्पच्या धाग्यात नैसर्गिक तेल आणि मेण असतं, आणि बांबूच्या कापडावर कारखान्यातला लेप राहिलेला असू शकतो. गरम पाण्यात पावडर घालून चार ते सहा वेळा धुतल्यावरच ते पूर्ण शोषायला लागतं. दर वेळी पूर्ण वाळवायची गरज नाही, पण धुवायला हवं. झालं की नाही हे कळायला इन्सर्टवर चमचाभर पाणी टाका. थेंब मोत्यासारखे वर राहिले तर अजून धुवा, क्षणात आत गेले तर तयार. फक्त इन्सर्ट बाहेर काढून धुवा, बाहेरच्या कव्हरला एकदा धुणं पुरे.

मांडीतून गळण्याचं दुसरं कारण बसवण्यात असतं. लवचिक कड मांडीवर न राहता जांघेच्या घडीत बसली पाहिजे, चड्डीची कड बसते तिथे. त्यासाठी पुढची उंचीची बटणं बाळाच्या मापाने खालच्या रांगेत लावा. कमरेत एक-दोन बोटं सहज जावीत, त्याहून जास्त गेली तर सैल. आणि घातल्यावर कडेने बोट फिरवून बघा: आतल्या कापडाचा एक दोराही बाहेर डोकावत असेल तर वातीसारखी शू ओढून झबलं भिजवतो. मुलगा आहे म्हणून जास्त घड्या पुढच्या बाजूला हव्यात, आणि घालताना शूची जागा खालच्या दिशेला वळवलेली हवी. वर राहिली तर पोटाकडून गळतं, आणि दोष डायपरला दिला जातो.

असे महागडे इन्सर्ट आणखी घेऊ नका. तुमच्याकडे ऊन तासभर आहे आणि समोर चार महिने दमट हवा. शिवलेला जाड इन्सर्ट जुलैत दोन-दोन दिवस वाळत नाही आणि मग कुबट वास धरतो. याबाबतीत सासूबाईंचं बरोबर आहे. एकेरी पातळ कापडाची घडी घालून वापरायची आणि धुतल्यावर घडी मोडून वाळत टाकायची, इतक्या लवकर दुसरं काही वाळत नाही. त्यांच्या लंगोटात आणि आताच्या कापडी डायपरमध्ये खरा फरक आहे तो वरच्या कव्हरचा. कव्हर नसलं की प्रत्येक शूला लंगोट, दुपटं आणि चादर असे तीन कपडे धुवायला पडतात. तुम्हाला जमणार नाही म्हणता ते हे धुणं. कव्हर असलं की एकच तुकडा पडतो.

कापडासाठी घरातल्या जुन्या सुती साड्या काढा. अनेकदा धुतलेल्या साडीतली खळ गेलेली असते, म्हणून ती पहिल्या दिवसापासून शोषते. साडीत पॉलिस्टर मिसळलेलं नाही याची खात्री करायला कडेचा एक धागा काढून स्वयंपाकघराच्या ओट्यावर जाळून बघा: सुती धाग्याची भुरभुरीत राख होते, पॉलिस्टरचा वितळून कडक मणी होतो. साडीची रुंदी साधारण 44 इंच असते. लांबीत दर 27 इंचांवर कापा. जरीचा पदर सोडला तर एका पाचवारीतून सात तुकडे निघतात. किनारीच्या बाजूंना शिवायची गरज नाही, कापलेल्या दोन बाजूंना बारीक दुमडून टीप मारा. दोन साड्यांचे चौदा झाले. वर सहा मीटर मलमल घ्या (ठाण्याला जाणं होत असेल तर जांभळी नाक्याच्या बाजारात, नाहीतर वाशीत), त्याचे आठ होतील. नव्या मलमलीला मात्र खळ असते, तीही तीन-चारदा गरम पाण्यातून काढा. असे बावीस तुकडे तुम्हाला पुरतील: दिवसाला सहा-सात, एक दिवस धुण्यात, एक दिवस वाळण्यात.

घडी अशी घाला. 27 इंचांची बाजू चौपदरी करा, म्हणजे पावणेसात इंचांची पट्टी होते. ती 44 इंच लांब पट्टी तिपदरी दुमडा. पावणेपंधरा इंच लांब, बारा पदरांची घडी तयार. धुऊन कापड थोडं आटलं की ती चार ते आठ महिन्यांच्या बाळाला नेमकी बसते. पुढचं टोक दोन इंच आत दुमडा, की मुलासाठी हवी ती पुढची जाडी मिळते. ही घडी कव्हरमध्ये नुसती ठेवायची किंवा तुमच्या त्या तीन डायपरच्या खिशात सरकवायची.

कव्हर आणखी चार घ्या. खिसा असलेला पॉकेट डायपर नको, आतून गुळगुळीत असलेलं एकेरी कव्हर मागा. खिशाच्या डायपरचं आतलं अस्तर प्रत्येक वेळी भिजतं, म्हणून तो दर वेळी धुवावा लागतो. एकेरी कव्हर नुसत्या शूने भिजलं तर ओल्या फडक्याने पुसून, पंख्याखाली पाच मिनिटं ठेवून, पुन्हा वापरता येतं. शी लागली तरच धुवायचं. दोन कव्हरं आलटून पालटून अख्खा दिवस निघतो. बाहेरच्या कापडाला आतून पीयूएलचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो, त्यातून पाणी जात नाही. बाजारात चाळीस-पन्नास रुपयांची प्लास्टिकची चड्डी मिळते ती घेऊ नका. आपल्या दमट हवेत आत घाम कोंडतो आणि दोन दिवसांत अंगावर लाल चट्टे येतात. साधी कव्हरं साधारण 300 ते 400 रुपयांना मिळतात. सोसायटीच्या ग्रुपवर वापरलेली विकायला आली तर घ्यायला हरकत नाही, पण आधी ताणून बघा: इलॅस्टिक परत जागेवर येतं का, आणि आतला थर कुठे फुगून सुटला तर नाही ना. थर सुटलेलं कव्हर फुकट मिळालं तरी घेऊ नका.

चार कव्हरं, मलमल आणि झाकणाची एक बादली मिळून साधारण 2,200 ते 2,500 रुपये होतील. दीड महिन्यात ते वसूल होतात.

आता वास का आला ते बघू. दोन चुका बहुतेक घरांत होतात. एक, बाळाचे कपडे म्हणून पावडर चिमूटभर घातली जाते. शू नीट निघायला मोठ्यांच्या कपड्यांइतकी पावडर लागते. बाळाच्या अंगाला त्रास होतो तो कमी खळबळल्यामुळे. दुसरी, लंगोट पाण्यात भिजत ठेवले जातात. सहा-आठ तास भिजले की त्याच पाण्यात जंतू वाढतात, शूचा अमोनिया होतो आणि पीयूएलचा थर सैल पडतो. आणखी काही महिन्यांनी बाळ रांगायला लागेल, तेव्हा घरात पाण्याने भरलेली बादली असणं जिवावरचं आहे. म्हणून भिजवायचं नाही. बदलल्याबरोबर शूचा तुकडा नळाखाली एकदा पिळून कोरड्या बादलीत टाका, झाकण अर्धवट उघडं ठेवा.

बाळ फक्त अंगावर पीत असेल तर त्याची शी पाण्यात विरघळते, नळाखाली धरली तरी निघते. सहा महिन्यांनी वरचं खाणं सुरू झालं की शी आधी कमोडमध्ये टाकून, तिथल्याच जेट स्प्रेने मारून, मग बादलीत. घरी धुण्याला मावशी येत असतील तर शीचे तुकडे त्यांच्यासाठी ठेवू नका, ते आपणच खळबळून ठेवावेत.

मशीन रोज रात्री किंवा एक दिवसाआड लावा, त्याहून उशीर नको. आधी तुकडे आणि कव्हरं थंड पाण्यात छोट्या सायकलवर, चमचाभर पावडर घालून. पहिलं पाणी गरम घेतलं तर शीचे डाग पक्के होतात. ते पाणी निघून गेलं की त्यातच बाळाची दुपटी, झबली, टॉवेल टाका आणि पूर्ण पावडर घालून मुख्य सायकल लावा; मशीनमध्ये गरम पाण्याची सोय असेल तर 40 अंशांवर. लंगोटांत इतर कपडे का, असं घरात विचारलं जाईल. सात-आठ तुकड्यांनी मशीन भरत नाही, कपडे एकमेकांवर घासले जात नाहीत आणि मळ तसाच राहतो, म्हणून. पहिल्या धुण्यात शू-शी निघून गेलेली असते. शेवटी एक जादा वेळ साध्या पाण्यातून काढा. फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको. त्याचा तेलकट थर धाग्यावर बसतो आणि दोन आठवड्यांत कापड शोषायचं थांबतं. डेटॉलसारखं जंतुनाशकही रोज नको, त्याचा अंश राहिला की बाळाची कातडी चुरचुरते. रिठ्याचा आग्रह बरेच लोक धरतात. लोकरीच्या स्वेटरला तो चांगला, शूच्या कापडाला कमी पडतो.

घणसोलीत पालिकेचं पाणी येत असेल तर एवढ्यावर भागतं. ठाण्याच्या घोडबंदर रोडकडच्या काही सोसायट्यांप्रमाणे टँकरवर किंवा बोअरवर दिवस काढायची वेळ आली तर लक्ष ठेवा. पाणी जड असलं की साबणाला फेस येत नाही आणि बादलीला पांढरे थर धरतात. जड पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी मिळून चिकट साका होतो, तो कापडात बसतो, कापड पुठ्ठ्यासारखं कडक होतं. वडीचा साबण अशा पाण्यात वापरूच नका. पावडरबरोबर एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घाला आणि शेवटचं खळबळणं जमलं तर पालिकेच्या पाण्यात करा.

वाळवणं ही तुमची खरी अडचण. ड्राय बाल्कनीत छताला दोरीने वर-खाली होणारा स्टँड नसेल तर लावून घ्या. तुकडे दुहेरी न टाकता पूर्ण उलगडून एकेरी टाका, मध्ये चार बोटं जागा सोडा आणि खाली टेबलफॅन लावा. हलती हवा मिळाली तर मलमल रात्रीत वाळते. मशीनमध्ये पिळण्याची सायकल दोनदा चालवा. ते तासाभराचं ऊन तुकड्यांसाठी राखून ठेवा, पिवळे डाग त्याने फिके होतात. कव्हरं सावलीत, इलॅस्टिकवर ताण न येता आडवी टाका. मुसळधार पावसाच्या दिवसांत तुकडा नव्वद टक्के वाळला की गरम इस्त्री फिरवा, ओल जाते आणि कुबटपणाही. कव्हरला इस्त्री लावायची नाही, थर वितळतो. बंद फ्लॅटमध्ये शेगडी पेटवून किंवा गॅसच्या ज्योतीवर लंगोट सुकवायची जुनी पद्धत करू नका, धूर आणि कार्बन मोनॉक्साइड तान्ह्या बाळाला सोसत नाही. आणि ज्या दिवशी काहीच वाळणार नाही, त्या दिवशी विकतचे दोन डायपर जास्त लावा. दमट कापड लावण्यापेक्षा ते कधीही बरं.

कापडाला दीड-दोन तासांनी बदलणं भाग आहे, कारण ओल अंगाला लागते. कातडी लाल झाली तर दिवसातून दोन-तीनदा अर्धा-अर्धा तास उघडं ठेवा. झिंकचं किंवा पेट्रोलियमचं मलम लावाल तेव्हा घडीवर एक जुन्या मलमलीचा पातळ तुकडा टाका आणि तो वेगळा धुवा. मलम कापडात मुरलं की तिथून पुढे पाणी शोषलं जात नाही. पावडर लावू नका, तिचे कण श्वासात जातात. जांघेच्या घड्यांत लालभडक चट्टा आणि भोवती बारीक पुटकुळ्या दिसल्या, तर ती बुरशी असू शकते. घरगुती उपाय न करता बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

वापरलेला विकतचा डायपर गुंडाळून, वर्तमानपत्रात बांधून, वेगळी खूण करून इतर कचऱ्यापासून वेगळा द्या. ओल्या कचऱ्यात गेला तर खताचा अख्खा ढीग बिघडतो आणि कचरा हाताने वेचणाऱ्या माणसाला तो डायपर उचलावा लागतो.

रजा संपल्यावर हिशेब बदलेल, ते आत्ताच सांगून ठेवतो. महिन्याचे 22 दिवस पाळणाघरात रोज तीन डायपर आणि रात्री एक. सुट्टीच्या आठ दिवसांत रोज दोन. असे 104 डायपर होतात, 1,144 रुपये. धुण्याचे 300 वजा केले तरी आत्ताच्या मानाने बाराशेच्या आसपास वाचतात. पाळणाघरातल्या ताईंना एक विनंती करून बघा: घडी आत भरून तयार असलेले तुमचे तीन पॉकेट डायपर आणि चेनची एक जलरोधक पिशवी द्या. विकतच्या डायपरसारखंच बटण लावायचं आणि काढलेला जसाच्या तसा पिशवीत टाकायचा, त्यांना ना पिळायचं ना घडी घालायची. आठवडाभर करून बघा म्हणालात तर त्यांना जड वाटणार नाही. नकार आला तर वाद घालू नका.

सासूबाईंकडून एक काम मात्र नक्की घ्या. बाळाची मान सावरली की दूध पाजून झाल्यावर किंवा झोपेतून उठल्या उठल्या त्याला आपल्या दोन पायांवर बसवून, आधार देऊन धरायचं आणि 'श्शू' करायचं, हे त्यांच्या पिढीला पक्कं माहीत आहे. पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ धरायचं नाही, बाळ ताठ झालं किंवा रडलं तर सोडून द्यायचं. सकाळची शी रोज अशी बाहेर झाली, तर सगळ्यात घाण होणारा एक तुकडा रोज धुवायचा वाचतो. आत्ता, तुम्ही घरी आहात तोवरच वेळ जुळवून घ्या. रजा संपेल तेव्हा सकाळी बाळ त्यांच्याकडे द्यायचं आणि तुम्ही आवरायला घ्यायचं.